आकड्याचं मूळ शोधायचं कसं: गाड्यांचा धूर, हवेचं प्रदूषण आणि लायब्ररी

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात, पण प्रदूषणाच्या आकड्याचं मूळ शोधल्याशिवाय तो प्रोजेक्टमध्ये घालू नये, हे मी स्वतः तोंडावर आपटून शिकलेय, ती गोष्ट पुढे येईलच.

दर जुलै-ऑगस्टमध्ये कोणीतरी हमखास विचारतं, ताई, 'वाहनांमुळे होणारं प्रदूषण' असा विषय मिळालाय, काय करू. आत्तापर्यंत काय केलंस विचारलं तर उत्तर ठरलेलं, गूगल केलं, दहा पीडीएफ डाउनलोड केल्या, आणि त्यातल्या चारांत एकच वाक्य जसंच्या तसं, की शहरातलं अमुक टक्के प्रदूषण गाड्यांमुळे होतं. कुठल्या शहरातलं, कुठल्या वर्षीचं, प्रदूषण म्हणजे नेमकं काय मोजलं, कोणी मोजलं, काही पत्ता नाही. तर हा लेख त्या मुलांसाठी आणि सोसायटीतल्या, वॉर्डातल्या लोकांसाठी पण, ज्यांना महापालिकेला पत्र लिहायचंय आणि पत्रात काहीतरी ठोस घालायचंय. उदाहरणं बरीचशी पुण्यातली आहेत कारण मी इथेच खपले, पण रीत कुठल्याही शहराला चालेल.

आधी ठरवा: नळ की हौद

लायब्ररीत जायच्या आधी एक गोष्ट घरीच बसून मिटवा. गाडीच्या सायलेन्सरमधून काय आणि किती बाहेर पडतं हा एक प्रश्न, आणि आपण श्वास घेतो त्या हवेत काय आणि किती आहे हा वेगळाच प्रश्न. पहिला म्हणजे नळ, दुसरा म्हणजे हौद. नळाचं माप ग्रॅम प्रति किलोमीटर, हौदाचं माप मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. नळ तेवढाच चालू असला तरी हौदाची पातळी वरखाली होते, कारण डिसेंबर-जानेवारीत सकाळी थंड हवा जमिनीलगत अडकून बसते आणि धूर वर जातच नाही, आणि जुलैत पाऊस सगळं धुऊन नेतो. गाड्या दोन्ही महिन्यांत रस्त्यावर असतातच की. शिवाय हौदात फक्त आपला नळ नाही, रस्त्यावरची धूळ, बांधकाम, कचरा जाळणं, चुली, कारखाने सगळे ओततायत.

हे कळलं की लायब्ररीतलं निम्मं काम झालं, कारण दोन प्रश्नांची पुस्तकं दोन वेगळ्या कपाटांत असतात. ड्यूई दशांश वर्गीकरण असलेल्या लायब्ररीत गाडीचं इंजिन वगैरे ६२९.२५ च्या आसपास, हवाप्रदूषणाचं इंजिनिअरिंग म्हणजे मोजणी, नियंत्रण हे ६२८.५३ ला, सामाजिक प्रश्न म्हणून हवाप्रदूषण ३६३.७३९२ ला, फुफ्फुसांचे आजार ६१६.२ ला आणि हवामान ५५१.५ ला. म्हणजे एकाच विषयासाठी चार-पाच कपाटं फिरायची, आणि बहुतेक जण एकाच कपाटासमोर उभं राहून 'इथे काहीच नाही' म्हणून परत येतात. काही जुन्या लायब्ऱ्यांत वर्गीकरण वेगळं असतं, तिथे हे नंबर चालणार नाहीत, तिथे काउंटरवर विचारणं हाच मार्ग.

शब्दांची यादी

हे काम कंटाळवाणं वाटतं पण यावरच सगळं अवलंबून. कॅटलॉग आणि डेटाबेस बहुतेक इंग्रजीत, त्यामुळे शोधाचे शब्द इंग्रजीत टाइप करायला लागतात, आणि एकाच गोष्टीला चार नावं. भारतातले लोक 'व्हेइक्युलर पोल्युशन' लिहितात, अमेरिकन लोक 'मोबाइल सोर्सेस' किंवा 'ऑन-रोड' लिहितात, इंग्लंडवाले 'रोड ट्रॅफिक'. आपलं पेट्रोल अमेरिकेत गॅसोलिन. आपली टू-व्हीलर बाहेर मोटरसायकल. धुराला कोणी एक्झॉस्ट म्हणतं, कोणी टेलपाइप. आणि सगळ्यात मोठा गोंधळ शहरांच्या नावाचा, जुन्या कागदांत पुण्याचं स्पेलिंग 'पूना' आहे आणि मुंबई म्हणजे 'बॉम्बे', त्यामुळे नुसतं आजचं नाव टाकलंत तर जुना काळ अख्खा गायब. दोन्ही नावं मध्ये 'ऑर' घालून टाका, जोडीचे शब्द अवतरणचिन्हात ठेवा म्हणजे ते एकत्रच शोधले जातात. 'सोर्स अपोर्शनमेंट' (प्रदूषणात कोणाचा किती वाटा) आणि 'एमिशन इन्व्हेंटरी' (कोण किती धूर सोडतं त्याचा हिशोब) हे दोन शब्द तर पाठच करा, याच्याशिवाय कामाचे रिपोर्ट हाती लागत नाहीत. मराठीत लिहायचं असेल तर मराठी विश्वकोश ऑनलाइन फुकट आहे आणि भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत, पण तिथला एखादा शब्द फारच जड वाटला तर सरळ पीएम २.५ (हवेतले अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण) आणि नॉक्स (नायट्रोजनची ऑक्साइडं) लिहा, लोकांना तेच कळतं.

कुठल्या लायब्ररीत जायचं

आपल्या कॉलेजच्या लायब्ररीपासून सुरुवात करा, ती लहान असली तरी. तिथे पुस्तकं कमी असतील पण लॉगिन असतात, त्याबद्दल पुढे. पुण्यात त्यानंतर विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय, आणि सरकारी अहवाल, आकडेवारी, आर्थिक बाजू यासाठी गोखले इन्स्टिट्यूटचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय. गाड्यांच्या तांत्रिक बाजूसाठी वेताळ टेकडीवरची एआरएआय, म्हणजे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, १९६६ पासूनची संस्था, गाड्यांच्या चाचण्या इथे होतात. हवेच्या बाजूसाठी पाषाणची आयआयटीएम, म्हणजे उष्णकटिबंधीय हवामानाचा अभ्यास करणारी संस्था, जिथून सफर ही हवेच्या अंदाजाची सेवा चालते, दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी ती सुरू झाली आणि नंतर पुण्यात आली. नागपूरकरांना नीरी, ही पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था, जवळ आहे. मुंबईत एशियाटिक सोसायटीच्या टाउन हॉलमधलं सेंट्रल लायब्ररी विसरू नका, १९५४ च्या पुस्तक वितरण कायद्याने प्रकाशित पुस्तकाची प्रत ज्या चार ग्रंथालयांना द्यावी लागते त्यातलं ते एक, त्यामुळे दुसरीकडे न मिळालेलं जुनं काहीतरी तिथे मिळू शकतं.

संशोधन संस्थांची लायब्ररी म्हणजे नगर वाचनालय नव्हे, तिथे सरळ जाऊन उभं राहिलात तर गेटवरच परत पाठवतील. आधी ईमेल करा, विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र घ्या, त्यात विषय आणि नेमकं काय बघायचंय ते लिहा, आधार आणि कॉलेजचं आयडी सोबत ठेवा. मला एका ठिकाणी दोन वेळा परत पाठवलंय, एकदा पत्रावर तारीख नाही म्हणून आणि एकदा त्या दिवशी स्टॉक-टेकिंग होतं म्हणून, तेव्हा फोन करून जा.

आणि काउंटरवर प्रश्न कसा विचारता यावर बरंच असतं. 'मॅडम, प्रदूषणावर काही आहे का' असं विचारलं की मॅडम एका कपाटाकडे बोट दाखवतात आणि विषय संपला. त्याऐवजी 'मॅडम, पुण्यातल्या हवेच्या मोजणीचे २००० ते २०१० चे वार्षिक अहवाल हवेत, छापील असले तरी चालतील, कुठल्या सेक्शनला बघू' असं विचारा. अहवाल बऱ्याचदा पुस्तकांच्या कॅटलॉगमध्ये नसतातच, ते रेफरन्स किंवा शासकीय प्रकाशनांच्या वेगळ्या रजिस्टरमध्ये असतात आणि ते रजिस्टर कुठे आहे हे फक्त तिथल्या माणसाला माहीत असतं.

पुस्तकं: थोडक्यात उरका

पुस्तकांत फार अडकू नका. एक चांगलं पाठ्यपुस्तक घ्या, त्यातून मूळ कल्पना समजून घ्या, म्हणजे पेट्रोल अर्धवट जळलं की कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन, इंजिनातल्या प्रचंड उष्णतेने हवेतलाच नायट्रोजन जळून नॉक्स, डिझेलची काजळी, आणि उन्हात नॉक्स आणि हायड्रोकार्बन मिळून ओझोन. ही शेवटची गोष्ट लॉस एंजेलिसच्या स्मॉगचा अभ्यास करताना आरी हागेन-स्मिट या कॅलटेकच्या शास्त्रज्ञाने १९५० च्या सुमाराला उलगडली, तोपर्यंत लोकांना वाटायचं की दोष फक्त कारखान्यांचा. हा इतिहास वाचायला मजा येते, पण आकडे पुस्तकातून उचलू नका, पुस्तक छापून येईपर्यंत नियम बदललेले असतात. आपल्याकडे बघा, बीएस म्हणजे भारत स्टेज, गाड्यांच्या धुराचे सरकारी नियम, त्यातलं बीएस-४ देशभर १ एप्रिल २०१७ ला आलं आणि मधलं बीएस-५ गाळून बीएस-६ १ एप्रिल २०२० ला. डिझेल कारला नॉक्सची मर्यादा बीएस-४ मध्ये किलोमीटरला २५० मिलिग्रॅम होती ती ८० झाली, इंधनातलं गंधक ५० पीपीएमवरून १० वर आलं. २०१५ च्या पुस्तकात यातलं काय सापडणार.

रिपोर्ट: खरा माल इथे आहे

व्हॉट्सॲपवर फिरणारं ते 'इतके टक्के गाड्यांमुळे' बहुतेक वेळा कुठल्या तरी सोर्स अपोर्शनमेंट अभ्यासातून निघालेलं असतं आणि वाटेत त्याचं वर्ष, ऋतू, पदार्थ सगळं गळून पडलेलं असतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिल्ली, मुंबई, पुणे, बंगळुरू, चेन्नई आणि कानपूर अशा सहा शहरांचा एक मोठा अभ्यास करून घेतला होता, त्यात पुण्याचं काम एआरएआयने केलं आणि मुंबईचं नीरीने. पुण्यावर काहीही लिहायचं असेल तर या रिपोर्टपासून सुरुवात करा, जुना आहे हे ध्यानात ठेवून.

आता रिपोर्ट वाचायचा कसा, तर सगळे सुरुवातीचा सारांश वाचून बंद करतात, तुम्ही उलटं करा, आधी पद्धतीचं प्रकरण उघडा. कारण या अभ्यासात दोन पूर्ण वेगळ्या रीती असतात. एक म्हणजे इन्व्हेंटरी, शहरात गाड्या किती, त्या किती किलोमीटर धावतात, किलोमीटरला किती धूर सोडतात, याचा गुणाकार, तसंच चुली, भट्ट्या, धूळ यांचा हिशोब आणि मग बेरीज. हा नळांचा हिशोब. दुसरी रीत म्हणजे फिल्टरवर हवेतले कण गोळा करायचे, त्यात कुठले धातू, कुठला कार्बन आहे ते लॅबमध्ये बघायचं आणि त्यावरून कण कुठून आले ते ओळखायचं, याला रिसेप्टर मॉडेलिंग म्हणतात. हे हौदातलं पाणी तपासून कुठल्या नळाचं ते सांगणं. दोन्ही रीतींची टक्केवारी वेगळी येते, येणारच, आणि लोक एकातली टक्केवारी घेऊन दुसरीला खोटं पाडत बसतात.

दिल्लीचं उदाहरण तर बघाच. आयआयटी कानपूरचा २०१६ चा रिपोर्ट काढा. त्याच्या रिसेप्टर मॉडेलिंगमध्ये पीएम २.५ मधला गाड्यांचा वाटा हिवाळ्यात साधारण पाव हिस्सा आहे आणि उन्हाळ्यात दहा टक्क्यांच्या आत, कारण उन्हाळ्यात धूळ आणि कोळशाची राख यांचा वाटा खूप वाढतो. एकच शहर, एकच रिपोर्ट, एकच रीत, आणि आकडे दोन. आता 'दिल्लीत गाड्यांमुळे किती टक्के' या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर कसं देणार? शेजारी २०१८ चा टेरी (दिल्लीची ऊर्जा-पर्यावरण संशोधन संस्था) आणि एआरएआयचा रिपोर्ट ठेवून तेच प्रकरण वाचा, दुपार जाईल पण या विषयातली निम्मी भांडणं का होतात ते कळेल.

पदार्थ कुठला तेही बघा. पीएम १० (दहा मायक्रॉनपर्यंतचे कण) मध्ये रस्त्यावरच्या धुळीचा वाटा मोठा असतो आणि शहरी नॉक्समध्ये गाड्यांचा, त्यामुळे ज्याला गाड्यांना दोष द्यायचाय तो नॉक्सचा आकडा घेतो आणि ज्याला वाचवायचंय तो पीएम १० चा. दोघंही खरंच बोलतात. (धूळ उडवतात पण गाड्याच, आणि ब्रेक-टायरची झीज इलेक्ट्रिक गाडीची पण होते, हा वाद वेगळा.)

आकडे, आणि माझी फजिती

हवेचे रोजचे आकडे केंद्रीय मंडळाच्या साइटवर मिळतात, पण ती स्वयंचलित केंद्रं पुष्कळशी अलीकडची. त्याआधीचा काळ हवा असेल तर हाताने चालवायची केंद्रं, पुण्यात नळ स्टॉप, स्वारगेट, भोसरी ही नावं भेटतील. या केंद्रांवर आठवड्यातून दोनदा चोवीस तासांचे नमुने घेतात, म्हणजे वर्षाला जास्तीत जास्त १०४ दिवस. वार्षिक सरासरीच्या शेजारी किती दिवसांची मोजणी ते लिहिलेलं असतं, तो रकाना बघा, ६० दिवसांची सरासरी आणि १०४ दिवसांची सरासरी एकाच मापाने मोजू नका, विशेषतः गाळलेले दिवस हिवाळ्यातले असतील तर.

आता फजिती. मी एमएस्सीला होते तेव्हा पंधरा-वीस वर्षांचे कणांचे आकडे गोळा करून एक्सेलमध्ये एका रकान्यात टाकले आणि ग्राफ काढला. ग्राफ अप्रतिम, एका वर्षी रेघ जी धाडकन खाली आली ती तिथेच राहिली. मी खाली लिहून पण टाकलं, प्रदूषण नियंत्रणाच्या उपायांना यश. प्रेझेंटेशनला सर एवढंच म्हणाले, "त्या वर्षी पुण्यात गाड्या बंद होत्या का गं?" सगळा वर्ग हसला, मी पण हसले, आणि दुसऱ्या दिवशी साडेदहाला लायब्ररीत जाऊन बसले. तिथले काका काही न बोलता दोन वर्षांचे बाउंड व्हॉल्यूम घेऊन आले आणि दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी उघडून ठेवले. डावीकडच्या तक्त्यात मथळा एसपीएम, उजवीकडच्यात आरएसपीएम. एकच अक्षर जास्त. एसपीएम म्हणजे हवेत तरंगणारे सगळे कण, मोठी धूळ धरून, आणि आरएसपीएम म्हणजे बारीक कण, ज्यालाच पुढे पीएम १० म्हणायला लागले. म्हणजे हवा सुधारली नव्हती, चाळणी बदलली होती. स्क्रीनवर एकेक पीडीएफ बघताना हे मला महिनाभर दिसलं नाही, आणि दोन जाड पुस्तकं शेजारी ठेवल्यावर अर्ध्या मिनिटात दिसलं. तेव्हापासून मी प्रत्येक तक्त्याचा मथळा, एकक आणि तळटीप यांचा फोटो आकड्यांच्या आधी काढते.

पीएम २.५ हा भारताच्या मानकांत आला नोव्हेंबर २००९ मध्ये, त्यामुळे १९९८ चा पीएम २.५ चा सरकारी वार्षिक आकडा शोधत बसू नका. मानकं पण लिहून ठेवा, पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा आपल्याकडे ४० मायक्रोग्रॅम आणि जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मार्गदर्शक पातळी ५, म्हणून 'मर्यादेच्या आत' एवढंच वाचलं की पुढे 'कोणाच्या' हा प्रश्न आलाच पाहिजे.

एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, हा आकडा तर प्रोजेक्टमध्ये शक्यतो वापरूच नका, सरळ मायक्रोग्रॅम घ्या. कारण असं की भारताचा एक्यूआय २०१५ पासूनचा, त्याच्या पायऱ्या वेगळ्या, अमेरिकेच्या वेगळ्या, आणि मोबाइलवरची बरीच ॲप अमेरिकन पायऱ्या वापरतात. हवेत पीएम २.५ चे ६० मायक्रोग्रॅम असतील तर भारतीय मोजपट्टीवर १०० म्हणजे 'समाधानकारक', आणि अमेरिकन मोजपट्टीवर तोच आकडा दीडशेच्या वर, लाल रंगात. घरात दोघांच्या फोनवर दोन ॲप असली की सकाळी सकाळी भांडण, आमच्याकडे झालंय.

गाड्यांची संख्या परिवहन विभागाच्या वार्षिक आकडेवारीत, 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी'मध्ये आणि वाहन पोर्टलवर मिळते. पण नोंदणी झालेली गाडी आणि रस्त्यावर धावणारी गाडी यात फरक आहे, भंगारात गेलेली स्कूटर नोंदीतून निघतेच असं नाही, आणि पुण्याच्या रस्त्यावर एमएच-१४ पासून एमएच-४२ पर्यंत सगळं धावतं. पीयूसीचे आकडे मिळाले तर खूश होऊन जाऊ नका, पीयूसीत पेट्रोल गाडीचा उभ्या जागी कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन बघतात, डिझेलचा धूर किती दाट ते बघतात, नॉक्स बघतच नाहीत. त्यामुळे पीयूसीवरून नॉक्सबद्दल एक अक्षर लिहिता येत नाही.

जुन्या वर्षांचा तक्ता कुठेच मिळाला नाही तर माहितीचा अधिकार आहे, दहा रुपये फी, तीस दिवसांची मुदत, पण अर्जात 'प्रदूषणाची सर्व माहिती द्या' लिहू नका, केंद्राचं नाव, पदार्थ, वर्ष लिहा.

जर्नल आणि प्रबंध

कॉलेजचं लॉगिन इथे कामाला येतं. तुमचं कॉलेज सरकारी असेल तर १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'मध्ये ते आहे का विचारा, तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार जर्नल त्यात आहेत, 'ॲटमॉस्फेरिक एन्व्हायर्नमेंट'सारखी महागडी पण त्यातून बघा. मुलांना हे माहीतच नसतं आणि ती चोरीच्या साइटवरून पेपर काढत बसतात. लॉगिन नसेल तरी बरंच फुकट आहे, 'करंट सायन्स'चे जुने अंक खुले आहेत, आरोग्याच्या बाजूसाठी पबमेड हा वैद्यकीय पेपरांचा डेटाबेस, आणि भारतातल्या पीएचडी प्रबंधांसाठी शोधगंगा.

शोधगंगेचा उपयोग कॉपीसाठी करू नका, नकाशासाठी करा. आपल्या शहरावरचा एक बरा प्रबंध घ्यायचा, दुसरं प्रकरण म्हणजे आधीच्या अभ्यासांचा आढावा उघडायचा, आणि शेवटच्या संदर्भयादीत कुठली नावं सारखी सारखी येतात त्यावर पेन्सिलीने खुणा करायच्या. जे तीन-चार रिपोर्ट प्रत्येक जण सांगतो ते मूळ, ते आधी वाचायचे. पण मूळ म्हणजे मूळच, 'अमुकने तमुकचं म्हणणं सांगितलं' असं दुसऱ्याच्या तोंडून घेऊ नका, मी एका आकड्यामागे अशी पाच पेपर मागे गेले आणि पाचव्यात तो आकडा वेगळ्याच शहराचा निघाला.

इंजिनाच्या बाजूचे पेपर महाग असतात, तिथे लेखकाला नम्रपणे ईमेल करा, बरेच जण प्रत पाठवतात. आणि लॅबमधला आकडा म्हणजे रस्त्यावरचा नव्हे हे लक्षात ठेवा. फोक्सवॅगनचं प्रकरण २०१५ मध्ये बाहेर आलं ते यातूनच, वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या लोकांनी डिझेल गाड्या मोजयंत्र लावून रस्त्यावर चालवल्या आणि नॉक्स लॅबच्या कितीतरी पट निघाला, पुढे कळलं की चाचणी चालू आहे हे ओळखणारं सॉफ्टवेअरच गाडीत होतं. आपल्याकडे रस्त्यावरची चाचणी बीएस-६ च्या दुसऱ्या टप्प्यात, एप्रिल २०२३ पासून बंधनकारक झाली, त्यामुळे पेपरातली गाडी त्याआधीची की नंतरची ते बघून घ्या.

कोर्ट आणि पेपर

नियम का बदलले हे लिहायचं असेल तर लॉ कॉलेजची लायब्ररी गाठा. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेली वकील एम. सी. मेहता यांची दिल्लीच्या प्रदूषणावरची याचिका, त्यात जुलै १९९८ चा दिल्लीच्या बस सीएनजीवर न्यायचा आदेश, आणि बीएस-३ गाड्यांची विक्री १ एप्रिल २०१७ पासून बंद करणारा मार्च २०१७ चा आदेश, हे तीन वाचले तरी धागा हाती येतो. मुंबईसाठी स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरमची उच्च न्यायालयातली याचिका आणि त्यातून नेमलेली लाल समिती. कायद्याच्या लायब्ररीत 'एआयआर' मागितलं तर हवेचं काही देणार नाहीत बरं का, ते ऑल इंडिया रिपोर्टर, आपल्या नागपूरहून निघणारं, निकाल त्यातच शोधायचे. देशाच्या इंधन धोरणासाठी डॉ. माशेलकर समितीचा २००२ चा अहवाल आहेच.

जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली बघायच्या असतील तर नगर वाचन मंदिर, केसरी-मराठा ग्रंथालय असल्या ठिकाणी विचारा, पण त्यातून तारीख आणि लोकांचं म्हणणं घ्यायचं, आकडा घ्यायचा नाही. शिसं असलेलं पेट्रोल देशभर बंद झालं १ फेब्रुवारी २००० ला, त्या आठवड्यातले अंक काढून बघा, पंपावरचा माणूस आणि स्कूटरवाला काय म्हणत होते ते रिपोर्टात कधीच सापडणार नाही.

शेवटी एक चौक

सगळं जमलं की एक छोटा हिशोब स्वतः करा. समजा तुमच्या चौकाजवळच्या एक किलोमीटर रस्त्यावरून तासाला ३००० दुचाकी जातात, हे तुम्ही स्वतः उभं राहून मोजलंत. बीएस-६ ची मर्यादा, किलोमीटरला एक ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड, धरली तर तासाला ३ किलो. बीएस-४ मधली बऱ्याच दुचाकींची मर्यादा १.४०३ ग्रॅम धरली तर ४.२ किलो. आणि मर्यादेऐवजी एआरएआयने भारतीय गाड्यांसाठी काढलेले उत्सर्जन गुणांक (चाचणीत गाडीने किलोमीटरला किती सोडलं) धरले तर आणखी तिसरंच काही, कारण त्यात जुन्या गाड्या पण आहेत. तीनही उत्तरं लिहा, शेजारी काय धरलं ते लिहा. परीक्षक हमखास तिथेच थांबतात आणि बाकीच्यांना विचारतात तसं 'हा आकडा कुठून आणला' असं विचारत नाहीत, कारण ते लिहिलेलंच असतं.

नोंदी झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवा, फुकट आहे, नाहीतर साधी वही चालेल, पण प्रत्येक आकड्यासमोर सात गोष्टी: पदार्थ, एकक, जागा, वर्ष, किती दिवसांची मोजणी, रीत कुठली, आणि पान नंबर. पान नंबर विसरलात तर तोच व्हॉल्यूम परत मागवायला लागतो, आणि परत मागवताना काका ज्या नजरेने बघतात ती मला अजून आठवते. झेरॉक्सवर मागच्या बाजूला लायब्ररीचं नाव आणि दाखल क्रमांक तिथेच लिहा, घरी गेल्यावर लिहू म्हणालात की संपलं. आणि एक वाजता बऱ्याच ठिकाणी झेरॉक्सवाला जेवायला जातो, तेव्हा फोटोकॉपीचं काम सकाळीच उरकून घ्या.